नवव्या महिन्यातला डोस का धरत नाहीत?

अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, व्हिसाचा शिक्का बसला, की शेवटी एक दोन पानी फॉर्म उरतो. त्यात एमएमआरचा, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एकत्र लसीचा रकाना असतो आणि खाली बारीक अक्षरांत अटी. दोन डोस हवेत. पहिला डोस पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर टोचलेला हवा. दोन्हींत किमान 28 दिवसांचं अंतर हवं. मग कपाटातल्या फायलीतून बाळपणीचं लसीकरण कार्ड शोधून निघतं. कोपरे झिजलेले, डॉक्टरांची सही पुसट, पण ‘गोवर, 9 महिने’ हे स्वच्छ वाचता येतं. ते स्कॅन करून पाठवावं, तर तिकडच्या आरोग्य केंद्राचं उत्तर येतं: हा डोस आम्ही धरत नाही.

‘आमच्या लसी काय दुय्यम आहेत का?’ हा त्यावरचा घरगुती संताप मला समजतो. पण लसीच्या दर्जाशी या अटीचा काही संबंध नाही. अट आहे ती आईमुळे.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे उतरतात. आईला कधीकाळी गोवर येऊन गेला असेल किंवा तिला लस मिळाली असेल, तर ते संरक्षण बाळ आयतं घेऊन जन्माला येतं आणि काही महिने त्यावर जगतं. आता गंमत अशी, की गोवराची लस म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला विषाणू. तो बाळाच्या शरीरात थोडाफार वाढला, तरच शरीर त्याची दखल घेणार. आईची प्रतिपिंडं मात्र लस आणि रोग असा भेद करत नाहीत. दिसला विषाणू की धरलाच. नवव्या महिन्यात टोचलेल्या लसीचा उपयोग साधारण 85 टक्के बाळांना होतो, बाराव्या महिन्यात टोचली तर 95 टक्क्यांना. मग भारतात बारा महिने का थांबत नाहीत? कारण आपल्याकडे गोवर तान्ह्या बाळांना गाठत आणि मारत आला आहे. जिथे तो क्वचित दिसतो तिथे थांबणं परवडतं. म्हणजे नवव्या महिन्याची घाई इथे शहाणपणाची आणि तो डोस न मोजणं तिथे शहाणपणाचं.

28 दिवसांमागचं कारणही असंच. जिवंत लस टोचली की शरीर इंटरफेरॉन नावाची द्रव्यं सोडतं आणि त्यांच्या अमलात कुठल्याही नव्या विषाणूला वाढायला जड जातं. आठवड्याभराने दुसरी जिवंत लस टोचली, तर ती वाया जाण्याची भीती. पण दोन्ही एकाच दिवशी टोचल्या तर दोन्ही लागू पडतात! आज एकत्र चालेल, महिन्याने चालेल, मधल्या काळात नको.

या कुपीत असतं तरी काय? 1954 साली बॉस्टनजवळच्या एका निवासी शाळेत गोवराची साथ आली. जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतला तरुण डॉक्टर थॉमस पीबल्स तिथे जाऊन आजारी मुलांच्या घशातले आणि रक्ताचे नमुने गोळा करू लागला. डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या मुलाच्या नमुन्यातला विषाणू काचेच्या नळीत जगला. मग त्याला आधी माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत, नंतर गर्भजलाच्या पिशवीच्या पेशींत आणि शेवटी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं. या परक्या घरांत तो रुळला आणि माणसाला आजारी पाडण्याची कला विसरत गेला. न्यू जर्सीत वाढलेल्या भाच्याला मराठी कळतं पण मराठीत भांडता येत नाही, तसा प्रकार. शरीराला तो ओळखू येतो, पण त्याच्याने भांडण होत नाही.

याच एडमन्स्टन विषाणूची एक शाखा पुढे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबमध्ये गेली, तिथे मानवी पेशींत वाढली आणि एडमन्स्टन-झाग्रेब म्हणून ओळखली जाऊ लागली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट गोवराच्या लसीसाठी हीच शाखा वापरते. तेव्हा पुण्यात लस टोचून बॉस्टनला निघालेली मुलगी ज्या विषाणूची ओळख दंडात घेऊन विमानात बसते, त्याचं माहेर बॉस्टनच आहे.

आता गालगुंड. आपल्याकडच्या कार्डांतली मोठी फट इथे आहे. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेला आहेत, गालगुंड नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या मोहिमेत शाळाशाळांतून मुलांना टोचलेली लस गोवर-रुबेलाची होती. त्यांतली मोठी मुलं आज कॉलेजात आहेत. ज्यांच्या आईवडिलांनी खासगी बालरोगतज्ज्ञाकडे एमएमआर दिली असेल त्यांचंच गालगुंड या फॉर्मवर मोजलं जाईल.

आणि नेमका गालगुंडच विद्यापीठांना सतावतो. तो लाळेतून पसरतो, गाल सुजण्याच्या आधीपासूनच, आणि हॉस्टेल म्हणजे एकाच ग्लासातून चौघांनी पिण्याची जागा. लहानपणी सुजलेल्या गालांवर निभावणारा हा आजार वयात आलेल्या मुलांत वृषणांना सूज आणू शकतो. 2015-16 मध्ये आयोवा विद्यापीठात त्याची साथ आली. 20,496 विद्यार्थ्यांपैकी 259 जणांना लागण झाली. विद्यापीठातल्या 98 टक्के मुलांचे दोन्ही डोस आधीच झालेले होते!

तपास करणाऱ्यांनी प्रत्येकाच्या दुसऱ्या डोसची तारीख पाहिली. ज्यांचा दुसरा डोस तेरा किंवा त्याहून जास्त वर्षांपूर्वीचा होता, त्यांना धोका अलीकडे डोस घेतलेल्यांच्या नऊपटीहून अधिक होता. गोवराविरुद्धची स्मृती सहसा जन्मभर पुरते. तिथे दुसरा डोस असतो तो मुख्यतः पहिला न लागू पडलेल्या थोड्यांसाठी. एका डोसाने सुमारे 93 टक्के संरक्षण मिळतं, दोनांनी 97. गालगुंडाविरुद्धची स्मृती मात्र विटत जाते आणि ती विटते नेमकी कॉलेजच्या वयाला. साथ चालू असताना 4,783 विद्यार्थ्यांना तिसरा डोस टोचला. दोन डोसवाल्यांत हजारी 14.5 जण आजारी पडले, तीनवाल्यांत 6.7. पुढे साथीच्या वेळी तिसरा डोस द्यावा, अशी शिफारस अमेरिकेत 2017 मध्ये झाली. एकाच सुईतून, एकाच दिवशी आत गेलेल्या विषाणूंपैकी एकाला शरीर साठ वर्षं लक्षात ठेवतं आणि दुसऱ्याला पंधरा वर्षांत विसरू लागतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

रुबेलाबद्दल थोडक्यात. विद्यार्थ्याला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही. पुरळ, थोडा ताप, संपलं. पण 1941 मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिलं, की जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. 1964-65 च्या साथीत अमेरिकेत सुमारे 20,000 बाळं अशी व्यंगं घेऊन जन्माला आली. म्हणून मुलग्यांनाही लस. त्यांच्याकडून तो कुणा गर्भवतीपर्यंत जाऊ नये. लस जिवंत असल्यामुळे गरोदर स्त्रीला ती देत नाहीत आणि टोचल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगतात.

फॉर्मवर शेजारीच टीबी चाचणीचा रकाना असतो. या दोन रकान्यांचं नातं 1908 मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी उघड केलं. टीबीच्या त्वचाचाचणीला एरवी ठळक प्रतिसाद देणाऱ्या मुलांना गोवर झाला, की तो प्रतिसाद काही काळ नाहीसा होई. गोवराचा विषाणू प्रतिकारशक्तीच्या स्मृतिपेशींतच शिरतो, हे फार नंतर कळलं. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा इतर आजारांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा 11 ते 73 टक्के साठा पुसला गेलेला आढळला. म्हणजे गोवर बरा झाला, तरी आधी होऊन गेलेल्या आजारांशी पुन्हा नव्याने ओळख करावी लागणार. लसीने अशी स्मृती पुसली जात नाही. टीबी चाचणीचा प्रतिसाद तेवढा थोडे दिवस मंदावू शकतो, म्हणजे टीबीचा जंतू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते. त्यामुळे जुलैत एमएमआर टोचून आठवड्याने टीबीची चाचणी केली, तर तिच्यावर विसंबता येत नाही. दोन्ही एकाच दिवशी उरकावं, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबावं. त्वचाचाचणी 48 ते 72 तासांनी वाचून घ्यायला पुन्हा दवाखान्यात जावं लागतं, हे विमानाचं तिकीट काढताना धरायला हवं.