वाढत्या अस्थी, मागे राहणारे स्नायू

लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली ज्या विकाराचा संबंध कष्टप्रसूतीशी जोडला, त्या सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा एकदा झाली की पुढे वाढत नाही. असे असता, सहाव्या वर्षी भिंतीच्या आधाराने का होईना घरभर हिंडणारे मूल चौदाव्या वर्षी चाकांच्या खुर्चीत का बसते, हा मातापित्यांचा प्रश्न सर्वथा रास्त आहे.

त्याचे उत्तर मेंदूत नव्हे, देहाच्या वाढीत आहे. अस्थी वयोमानानुसार लांबत जातात, परंतु ज्या स्नायूंना विश्रांतीचा हुकूम मेंदूकडून नीट पोहोचत नाही, ते सदैव ताठरलेले स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत. परिणामी सांधे आखडतात, गुडघे वाकतात, आणि यौवनारंभी उंची व वजन झपाट्याने वाढले म्हणजे त्याच अशक्त स्नायूंवर अधिक भार पडून चालणे दमछाकीचे होते. स्वतंत्रपणे चालणारी मुले कमावलेले बहुधा टिकवतात. आधाराने चालणारी वा न चालणारी मात्र सात-आठ वर्षांच्या सुमारास शिखर गाठून पौगंडावस्थेत काहीशी मागे सरतात, असे कॅनडातील संशोधकांना २००९ साली आढळले. यात ना मुलाचा आळस, ना आईबापांची कसूर. नातेवाइकांच्या कानी हे घातलेले बरे.

सर्वांत फसवी गोष्ट खुब्याची. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीतून हळूहळू, पुष्कळदा वेदनेवाचून, सरकतो. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा मुलांच्या नियमित तपासणीचे रीतसर दफ्तर ठेवण्याचा शिरस्ता पडला, आणि खुबा पूर्ण निखळण्याचे प्रकार तेथे अत्यंत विरळ झाले. तेव्हा पालकांनी, मूल कुरकुरत नाही म्हणून, खुब्याची क्ष-किरण तपासणी तहकूब ठेवू नये.