विश्लेषण : सोयाबीनच्या बेवडावर युरिया खरेच कमी लागतो? पीक हवेतून किती नत्र घेते, हे मोजतात कसे?

शेंगवर्गीय पिकाचा बेवड चांगला, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतले नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. प्रश्न आहे तो किती, हा. पुढच्या गव्हाला युरिया कमी टाकायचा की नाही, हे त्यावरच ठरते.

मिळालेले नत्र शेतातच राहते का?

बरेचसे राहत नाही. सोयाबीनच्या एक क्विंटल दाण्यात साधारण सहा किलो नत्र असते. हेक्टरी २० क्विंटल उतारा आला, तर सुमारे १२० किलो नत्र पोत्यांत भरून बाहेर जाते. पिकातील एकूण नत्रापैकी हवेतला वाटा बहुतेकदा ५० ते ६० टक्के असतो, बाकीचे जमिनीतून येते. भुसकटही उचलले, तर हिशेब बहुधा तोट्याचा!

गाठी पाहून अंदाज येत नाही?

गाठ कापल्यावर आत लालसर रंग दिसला, तर जिवाणू कामावर आहेत एवढे कळते. किलोचा आकडा कळत नाही.

मग मोजतात कसे?

हवेतील नत्राच्या अणूंपैकी सुमारे ०.३७ टक्के अणू किंचित जड असतात. त्यांना नायट्रोजन-१५ म्हणतात. जमिनीतील नत्रात त्यांचे प्रमाण सहसा थोडे जास्त असते. म्हणून सोयाबीनशेजारी त्याच वेळी ज्वारी पेरतात. तिचे नत्र मुख्यतः जमिनीतलेच. दोन्हींचे नमुने वाळवून, दळून मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासतात. समजा, हवेच्या तुलनेत ज्वारीत जड अणू हजारी ८ने जास्त निघाले, सोयाबीनमध्ये ३ने. वाळूत, केवळ हवेतल्या नत्रावर वाढवलेल्या सोयाबीनमध्ये ते हजारी १ने कमी. म्हणजे ९ पैकी ५ भाग, सुमारे ५५ टक्के नत्र हवेतले. पिकातील एकूण नत्राला या टक्केवारीने गुणले की किलो मिळतात. तुलनेचे पीक चुकले, तर सारे गणितच चुकते. गाठी न धरणारे सोयाबीनचे वाण मिळाले तर उत्तम.

स्वस्त पर्याय आहे का?

आहे. सोयाबीन, तूर, मूग, उडीद ही पिके गाठींतले नत्र मुख्यतः ‘युरिड’ या संयुगांच्या रूपात वर पाठवतात. खोडातील रसात त्यांचे प्रमाण रंगाच्या रासायनिक चाचणीने कळते. हरभरा आणि भुईमूग मात्र नत्र वेगळ्या रूपात पाठवतात, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

मुळांचे काय?

इथेच मोजमाप तोकडे पडते. बारीक मुळे आणि गळालेल्या गाठी पूर्णपणे खणून काढता येत नाहीत. फक्त वरचे पीक कापून मोजले, तर जमिनीखालचे नत्र हिशेबातून सुटते आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो.