हवे तेवढेच रकाने

बाजारभावाचा तक्ता उघडणाऱ्याला त्यातले सगळे आकडे क्वचितच हवे असतात. पणन मंडळाच्या रोजच्या कांदा तक्त्यात बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे ७ रकाने असतात. जामखेडच्या कांदा उत्पादकाला गाडी भरण्याआधी त्यातले दोनच बघायचे असतात: समिती कोणती आणि तिथला सर्वसाधारण दर किती. एका दिवसाचा तक्ता नजरेखालून घालता येतो. काही वर्षांचे तक्ते एकत्र केले, की नजर चुकते. या कामासाठी संगणकावर एक जुनं, फुकट आणि भरवशाचं साधन आहे. त्याचं नाव ‘कट’.

‘कट’ युनिक्सच्या घरातला. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सचं काम सुरू झालं. एका प्रोग्रॅमनं एकच काम करावं, पण ते चोख करावं, ही तिथली शिस्त होती. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून ‘पाइप’ आला आणि एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर थेट दुसऱ्याला देता येऊ लागला. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कट’ सिस्टिम थ्री या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. आज तो लिनक्स आणि मॅकवर आयताच मिळतो.

वापर अगदी सोपा. वरचा तक्ता स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या फाइलमध्ये आहे असं समजू. टर्मिनलवर ‘कट’ लिहायचं, ‘डी’ या पर्यायापुढे स्वल्पविराम द्यायचा, ‘एफ’पुढे १,७ लिहायचं आणि शेवटी फाइलचं नाव. एंटर दाबताच दोन रकाने पडद्यावर येतात. मूळ फाइलला धक्काही लागत नाही. शिवाय ‘कट’ एकेक ओळ वाचून पुढे सरकतो, त्यामुळे एक्सेलची १०,४८,५७६ ओळींची मर्यादा इथे आड येत नाही. जुना लॅपटॉपही पुरतो.

त्याच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. ७,१ असं उलटं लिहिलं तरी तो १ आणि ७ याच क्रमानं रकाने देतो. दर अवतरणचिन्हांत ‘१,२५०’ असा लिहिला असेल, तर त्यातल्या स्वल्पविरामावरही तो घाव घालतो आणि पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात. मराठीसाठी आणखी एक मेख आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘जामखेड’ची ६ चिन्हं म्हणजे १८ बाइट. अनेक लिनक्स संगणकांवर ‘कट’ला पहिली ३ अक्षरं मागितली, तर तो ३ बाइट मोजतो आणि हाती एकटा ‘ज’ येतो. म्हणून मराठी मजकूर अक्षरं मोजून तोडू नये, रकान्यांनीच तोडावा.

जिथे ‘कट’ थांबतो, तिथून ‘ऑक’ पुढे नेतो. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी १९७७ मध्ये तो घडवला. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं हेच त्याचं नाव. तो रकान्यांचा क्रम बदलतो, बेरीज करतो, अट लावून ओळी निवडतो. उदाहरणार्थ, जामखेड ज्या जिल्ह्यात आहे, त्या अहमदनगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. जुन्या याद्यांत ते नाव बदलताना सरसकट शोधून बदललं, तर ‘अहमदनगर कॉलेज’सारखं संस्थेचं नावही बदलून जाईल. ‘ऑक’ला मात्र सांगता येतं, की जिल्ह्याच्या रकान्यात जुनं नाव असेल तरच बदल, बाकीच्या रकान्यांना हात लावू नकोस. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर मूळ ‘ऑक’ यूटीएफ-८ आणि अवतरणांतले स्वल्पविरामही नीट ओळखू लागला.

ही दोन साधनं शाळेच्या संगणक कक्षात एका दुपारी शिकवता येतील. पण आकडे स्कॅन केलेल्या चित्रात अडकले असतील, तर दोन्ही हतबल होतात. त्यामुळे बाजारभाव, पाऊस, गावनिहाय लोकसंख्या अशी सार्वजनिक माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, प्रत्येक रकान्याला ठळक मथळा देऊन खुली करायला हवी. तसं झालं, तर जामखेडचा शेतकरी कुणी काढून दिलेल्या सरासरीवर विसंबणार नाही. आपल्या बाजाराचा हिशेब तो स्वतः मांडेल.