गोल्डमन सॅक्स १०,००० विमेन

'१०,००० विमेन' (अर्थात दहा हजार स्त्रिया) हा अमेरिकेतील गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने मार्च २००८ मध्ये जाहीर केलेला आंतरराष्ट्रीय शैक्षणिक उपक्रम आहे. विकसनशील व नव्याने उदयास येणाऱ्या अर्थव्यवस्थांमध्ये लहान व मध्यम उद्योग चालविणाऱ्या स्त्रियांना व्यवसाय-व्यवस्थापनाचे शिक्षण देणे हा त्याचा हेतू होय. पाच वर्षांत १०,००० स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट व त्यासाठी १० कोटी डॉलरची तरतूद आरंभीच घोषित करण्यात आली होती. खासगी कंपनीचा निधी, विद्यापीठांचे अध्यापन आणि स्वयंसेवी संस्थांचे स्थानिक जाळे यांची सांगड घालणाऱ्या भागीदारीचे उदाहरण म्हणून या उपक्रमाचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

सन २००० नंतर स्त्री-शिक्षणासाठी येणारा आंतरराष्ट्रीय निधी प्रामुख्याने दोन वाटांनी जात होता. पहिली वाट शालेय शिक्षणाची. संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांमध्ये प्राथमिक व माध्यमिक शिक्षणातील मुलामुलींची विषमता दूर करण्याचा समावेश होता. दुसरी वाट सूक्ष्म-कर्जाची. बांगलादेशातील ग्रामीण बँक व तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना २००६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर या मार्गाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

या दोहोंच्या मधल्या स्त्रिया मात्र दुर्लक्षित राहिल्या. शाळेचे वय उलटलेले. व्यवसाय सूक्ष्म-कर्जाच्या मर्यादेपलीकडे वाढलेला, चार-दहा माणसांना काम देणारा. परंतु हिशेब, करार, विक्री-नियोजन यांचे रीतसर शिक्षण नाही आणि बँकेत तारण ठेवण्यास स्वतःच्या नावावर मालमत्ताही नाही, अशी त्यांची स्थिती होती. व्यवस्थापनाचे पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण घेण्याइतका पैसा व वेळ अशा उद्योजिकेकडे क्वचितच असतो. ही उणीव भरून काढणे, ही या उपक्रमामागील मूळ कल्पना होती.

गोल्डमन सॅक्सच्या संशोधन विभागातही या विषयाची पूर्वपीठिका होती. कॅथी मात्सुई यांनी १९९९ मध्ये जपानविषयी 'वुमनॉमिक्स' हा अहवाल लिहून, श्रमबाजारातील स्त्रियांचा सहभाग वाढविणे हे जपानच्या आर्थिक वाढीसाठी आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले होते. २००८ मध्ये उपक्रमाच्या घोषणेच्या सुमारास कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अहवालातही स्त्री-शिक्षण आणि आर्थिक वाढ यांचा संबंध मांडला होता. त्यामुळे उपक्रमाची भाषा आरंभापासून दानधर्माची नव्हती, ती गुंतवणुकीची होती.

रचना व कार्यपद्धती

कंपनीने स्वतःची शाळा काढली नाही. निधी कंपनीच्या प्रतिष्ठानामार्फत, अध्यापन स्थानिक शिक्षणसंस्थेकडे आणि अभ्यासक्रम घडविण्यास साहाय्य परदेशी व्यवस्थापन-विद्यालयाकडे, अशी विभागणी करण्यात आली. इजिप्तमध्ये कैरोचे अमेरिकन विद्यापीठ व अमेरिकेतील व्हार्टन स्कूल, रवांडामध्ये किगाली येथील वित्त व बँकिंग विद्यालय व मिशिगन विद्यापीठातील विल्यम डेव्हिडसन इन्स्टिट्यूट, तर अफगाणिस्तानात तेथील अमेरिकन विद्यापीठ व थंडरबर्ड स्कूल अशा जोड्या जुळविण्यात आल्या. चीन, ब्राझील, नायजेरिया इत्यादी देशांतही वर्ग चालले.

अभ्यासक्रम प्रशस्तिपत्राचा असून त्याचा कालावधी काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत ठेवण्यात आला, कारण विद्यार्थिनीला आपला व्यवसाय बंद ठेवून शिकणे शक्य नव्हते. ताळेबंद व रोखप्रवाह समजून घेणे, मालाची किंमत ठरविणे, विक्री व विपणन, वाटाघाटी, मनुष्यबळ आणि कर्ज-प्रस्ताव तयार करणे हे मुख्य विषय होत. प्रत्येकीने आपल्याच व्यवसायाची विकास-योजना लिहावी, असा या शिक्षणाचा गाभा होता. वर्ग संपल्यावर मार्गदर्शकांचे साहाय्य व माजी विद्यार्थिनींचे जाळे उपलब्ध होते.

ठरलेल्या काळात १०,००० चे उद्दिष्ट पूर्ण झाले. विद्यार्थिनी चाळीसहून अधिक देशांतील होत्या. पुढे कोर्सेरा या संकेतमंचावर विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमही सुरू करण्यात आले.

भारतातील कार्य

भारतात हैदराबाद येथील इंडियन स्कूल ऑफ बिझनेस ही या उपक्रमाची आरंभीची भागीदार संस्था होती. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन वुमन या संस्थेने भारतातील कार्यक्रमाचे मूल्यमापन केले. नंतरच्या काळात बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील एन.एस.आर.सी.ई.एल. हे उद्योजकता केंद्रही सहभागी झाले. भारतातील कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. '१०,००० विमेन' हा त्यापूर्वीचा असून तो अशा कायदेशीर बंधनातून नव्हे, तर कंपनीच्या स्वेच्छेने सुरू झाला.

शिक्षणाकडून भांडवलाकडे

शिक्षण मिळाले तरी भांडवल मिळेलच असे नाही, हे पहिल्या टप्प्यात स्पष्ट झाले. उत्तम विकास-योजना हाती असूनही तारणाअभावी कर्ज नाकारले गेले, तर योजना कागदावरच राहते. म्हणून २०१४ मध्ये जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळासह स्त्री-उद्योजकांसाठी स्वतंत्र वित्त-सुविधा स्थापन करण्यात आली. गोल्डमन सॅक्स प्रतिष्ठानाने ५ कोटी व महामंडळाने १० कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. एकूण ६० कोटी डॉलरपर्यंत निधी उभारून १,००,००० स्त्रियांना भांडवल उपलब्ध करून देण्याचे लक्ष्य होते. ही रक्कम थेट उद्योजिकांना दिली जात नाही. ती स्थानिक बँकांना मिळते व त्या बँकांनी स्त्रियांना कर्ज द्यावे अशी योजना आहे.

मूल्यमापन

अमेरिकेतील बॅबसन कॉलेजने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर १८ महिन्यांत सुमारे ७० टक्के स्त्रियांच्या व्यवसायाचे उत्पन्न वाढले, सुमारे ६० टक्के स्त्रियांनी नवे रोजगार निर्माण केले आणि १० पैकी ९ जणींनी आपले ज्ञान इतर स्त्रियांपर्यंत पोहोचविले.

हे आकडे वाचताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या स्त्रिया मुळातच वाढीची क्षमता असलेल्या होत्या. प्रशिक्षण न मिळालेल्या, परंतु तशाच परिस्थितीतील स्त्रियांशी तुलना केल्याखेरीज वाढीतील किती वाटा शिक्षणाचा, हे सांगता येत नाही. अशी तुलना करणाऱ्या विविध देशांतील प्रयोगांचा आढावा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी घेतला आहे. व्यवसाय-प्रशिक्षणाने विक्री व नफ्यात सरासरी ५ ते १० टक्के वाढ होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे परिणाम खरा आहे, पण तो चमत्कार नव्हे.

टीका

उपक्रम जाहीर झाल्यावर काही महिन्यांतच जागतिक आर्थिक संकट कोसळले. ऑक्टोबर २००८ मध्ये गोल्डमन सॅक्सने अमेरिकी सरकारकडून १,००० कोटी डॉलरचे साहाय्य घेतले व ते जून २००९ मध्ये परत केले. गृहकर्जाशी निगडित रोख्यांच्या विक्रीप्रकरणी कंपनीने जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाशी ५५ कोटी डॉलर भरून तडजोड केली. ही रक्कम '१०,००० विमेन'साठी जाहीर केलेल्या निधीच्या साडेपाच पट होती. साहजिकच, हा उपक्रम म्हणजे प्रतिमा उजळविण्याचा प्रयत्न असल्याचा आक्षेप घेतला गेला. मात्र त्याची घोषणा संकटाच्या कळसापूर्वीची आहे, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरा आक्षेप वैचारिक आहे. एड्रिएन रॉबर्ट्स या अभ्यासिकेने अशा भागीदाऱ्यांना 'बहुराष्ट्रीय व्यापारी स्त्रीवाद' असे संबोधले. स्त्रीचे शिक्षण आर्थिक वाढीचे साधन म्हणून मांडले, की वेतन, मालमत्तेचा हक्क, घरकामाचा भार हे प्रश्न मागे पडतात, असे या मताचे समर्थक म्हणतात. समर्थकांचे उत्तर असे, की हक्कांचा लढा चालू असताना आज दुकान चालविणाऱ्या स्त्रीला हिशेब शिकण्यासाठी थांबविण्याचे कारण नाही.

खासगी निधीची मर्यादा अफगाणिस्तानात सर्वाधिक ठळकपणे दिसते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये स्त्रियांना विद्यापीठीय शिक्षण बंद करण्यात आले. ज्या काबूलमध्ये उद्योजिकांचे वर्ग भरत होते, तेथेच विद्यापीठाचे दार स्त्रियांना मिटले. कंपनी निधी देऊ शकते, विद्यापीठ शिकवू शकते. परंतु शिकण्याचा हक्क टिकविणे हे अखेर राज्यव्यवस्थेवरच अवलंबून असते.