आवाज कुठे मुरतो?

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, गणेशोत्सवाच्या मांडवात, जत्रेच्या मैदानात, लग्नाच्या आदल्या रात्रीच्या गाण्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'कॅसिओ ऐकूच येत नाही!' यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आपल्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात. गायकाचा आवाज लख्ख येतो, ढोलकी छातीवर आदळते आणि कीबोर्डवाला बिचारा दहा बोटांनी झटत असतो. पण मागच्या रांगेपर्यंत त्याच्या कष्टाचा सूर पोहोचत नाही. मग वादक माईकवाल्याकडे रागाने पाहतो, माईकवाला म्हणतो की पेटीच मेली आहे आणि संयोजक म्हणतात, 'ते आम्हाला काही सांगू नका, बिदागी देताना बघू.' हे शेवटचे वाक्य आम्हाला या विषयाकडे घेऊन आले.

युनियनचे काम करणाऱ्याने आवाजाच्या तारा कशाला हाती घ्याव्यात, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. बँडवाले, बॅन्जो पार्टीतले, ऑर्केस्ट्रातले वादक हे मजूरच आहेत. त्यांना हजेरीपट नाही, फंड नाही, आणि काम बिघडले तर दोष कुणाचा हे ठरवणारा कोणी नाही. कारखान्यात यंत्र बंद पडले तर फिटर येऊन कारण सांगतो. मांडवात कारण सांगणारा नसतो म्हणून ज्याचा आवाज कमी आला त्याचीच मजुरी कापतात. कारण शोधण्याची रीत चार माणसांना ठाऊक असली तर हा अन्याय अर्ध्याने तरी कमी होईल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. वीज आम्ही वायरमनांच्या शेजारी बसून शिकलो. म्हणून सूत्रांची भाषा येथे फारशी येणार नाही.

आपल्या या दोन गावांचे पट्ट्यांच्या वाद्याशी नाते जुने आहे, हे मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली हिंदुस्थानी सप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. साताऱ्याला न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स हे गोरे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले, आणि श्रुतींसाठी जादा पट्ट्या असलेली खास पेटी तयार झाली. १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतिपेटीवर चांगलाच खल झाला. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दाराबाहेर काढले ते पार १९७१ पर्यंत. म्हणजे पेटी लोकांना ऐकू येऊ नये अशी सोय एकदा सरकारनेच केली होती! आज तशी बंदी नाही, आणि आजची पेटी विजेची आहे. आता ती ऐकू आली नाही तर कारण वायरीत शोधावे लागते.

कराडजवळच्या टेंभूची उपसा योजना पुष्कळांनी पाहिली असेल. टेंभू म्हणजे आगरकरांचे जन्मगाव. तेथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलत आटपाडीच्या दुष्काळी माळापर्यंत नेतात. समजा, पहिल्या टप्प्यावरच्या पंपाने थोडेच पाणी वर टाकले. मग पुढच्या पंपांनी कितीही जोर केला तरी ते हवाच ओढणार. ध्वनिक्षेपणाचे अगदी असेच आहे. कीबोर्ड हा पहिला पंप, वायर हा नळ, मिक्सरच्या वरच्या टोकाचे 'गेन' हे बटण दुसरा टप्पा, खालची सरकपट्टी तिसरा, मुख्य पट्टी चौथा आणि कर्ण्यामागचा ॲम्प्लिफायर शेवटचा. आमच्या पाहण्यात दहांपैकी आठ ठिकाणी आवाज कमी पडला की शेवटचा टप्पा वाढवतात. त्याने पाणी येत नाही, हवेची सरसर येते : खरखर, घुंई आणि मग शिटी.

गंमत अशी की विजेच्या मापाने पाहिले तर कीबोर्ड मुळीच दुबळा नाही. गायकाच्या माईकमधून येणारी वीज काही मिलिव्होल्टची असते. कीबोर्डमधून साधारण पाव व्होल्टापासून एक-दीड व्होल्टापर्यंत येते, म्हणजे माईकच्या शंभरपट धरायला हरकत नाही. घरगुती यंत्रांचे ठरीव माप सुमारे ०.३२ व्होल्ट आणि धंद्याच्या यंत्रांचे सुमारे १.२३ व्होल्ट, हा चौपटीचा फरक तेवढा लक्षात ठेवावा. शंभरपट बलवान वाद्य सर्वांत कमी ऐकू यावे, याचा अर्थ एकच : वाटेत कुठेतरी पाणी मुरते आहे.

कुठे मुरते? प्रथम वाद्यापाशीच पाहावे. कीबोर्डाचे आवाजाचे बटण पुष्कळ वादक निम्म्यावर ठेवतात, कारण घरी तेवढे पुरते. मांडवात ते पाऊण पट्टीवर हवे. पायाने आवाज कमीजास्त करण्याचा पेडल जोडलेला असेल तर तो काढून एकदा वाजवून पाहावे. एका कंपनीचा पेडल दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला उलटा चालतो आणि पाय दाबला की आवाज खाली जातो, हेही घडते. मागे दोन भोके असतील आणि वायर एकच असेल तर ती डावीकडच्या, 'मोनो' असेही लिहिलेल्या भोकात घालावी. उजवीकडच्यात घातली तर अर्धाच आवाज बाहेर जातो.

आता सर्वांत फसवी जागा. स्वस्त कीबोर्डाला वेगळे भोक नसते, कानात घालायच्या हेडफोनचेच असते. त्यातून डावा आणि उजवा असे दोन आवाज एकाच पिनेतून येतात. पिनेवर दोन काळ्या कड्या दिसतात ती ही पिन. दोन्ही टोकांना तशी पिन असलेली वायर माईकवाला सरळ मिक्सरच्या एका भोकात खुपसतो. मिक्सरच्या त्या भोकाची रीत अशी की पिनेच्या टोकावर जे येईल त्यातून कडीवर जे येईल ते वजा करायचे. लांब वायरीत बाहेरून शिरलेली घुंई दोन्हींवर सारखीच असते, ती वजाबाकीत उडावी, हा त्यामागचा चांगला हेतू. पण येथे टोकावर डावा सूर आहे आणि कडीवर उजवा. दोन्हींत जे सारखे आहे, म्हणजे बहुधा मुख्य चालच, ते उडून जाते. उरतो तो पोकळ, विहिरीतून आल्यासारखा आवाज. एकाच हातगाडीला एकाने पुढून आणि दुसऱ्याने मागून जोर लावला तर गाडी हलत नाही आणि दोघेही घामाघूम होतात, त्यातलाच हा प्रकार. गेन कितीही वाढवा, उपयोग नाही. एका टोकाला ती पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन साध्या पिना अशी फाटे असलेली वायर घेऊन दोन वाटांनी आवाज मिक्सरमध्ये घ्यावा, म्हणजे सूर पुन्हा भरीव होतो.

वाद्यापासून मिक्सर लांब असेल, पाच-सहा मीटरांच्या पलीकडे, तर साधी वायर घुंई उचलते. यासाठी डी. आय. बॉक्स नावाची लहान डबी मध्ये लावतात. ही डबी कीबोर्डाची वीज मुद्दाम माईकच्या पातळीला उतरवते. म्हणून तिच्यातून निघालेली तीन टोचणांची वायर मिक्सरच्या माईकच्याच भोकात गेली पाहिजे, आणि तेथला गेन माईकसारखाच उघडला पाहिजे. हे न कळून कोणी ती वायर 'लाइन'च्या भोकात घातली की आवाज तळाला गेलाच. काही डब्यांना मिक्सरकडून ४८ व्होल्टांचा पुरवठा लागतो. तो खटका बंद असला तर डबी मुकी. शिवाय डबीवर आणि मिक्सरवर 'पॅड' नावाचा एक बारीक खटका असतो. तो खाली असला की बहुधा वीस डेसिबल जातात, म्हणजे वीज एकदशांश उरते.

या खटक्यापायी एका वादकाची अर्धी बिदागी गेलेली आम्ही पाहिली आहे. गावाचे नाव घेत नाही. उत्सव तीन दिवसांचा, पहिल्या रात्री कीबोर्ड ऐकू आला नाही, आणि सकाळी हिशेबात पैसे कापले. पोरगा दिवसा साखर कारखान्यावर ऊसतोडीच्या गाड्यांच्या नोंदी करणारा, रात्री वाजवणारा. भांडण आमच्याकडे आले. आम्ही संयोजकांना म्हटले, पैशाचे मागाहून बोलू, आधी मांडवात चला. कीबोर्डाला हेडफोन लावून संयोजकांच्या कानाला दिला : आवाज खणखणीत. म्हणजे वाद्य निर्दोष. तीच वायर दुसऱ्या वाटेने घातली : तरीही कमी. डबी काढून जवळून थेट जोडले : एकदम भरपूर. डबी उलटी केली तर पोटाखालचा खटका दाबलेला. माईकवाल्याचा पोरगाही सतरा-अठरा वर्षांचा, त्याला कोणी कधी शिकवले नव्हते. त्याची मजुरी कापावी असे आम्हाला वाटले नाही आणि कापू दिलीही नाही. वादकाचे कापलेले पैसे तिसऱ्या रात्री मिळाले.

शोधण्याची रीत हीच. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि ऐकायचे. दोन बदलल्या की कारण हरवले. आणि जोडताना-काढताना मिक्सरची पट्टी पूर्ण खाली, नाहीतर फटाक्यासारखा आवाज होऊन कर्णा जायचा.

वाट मोकळी झाली की मगच गेन लावावा. वादकाला त्याचा सर्वांत जोराचा तुकडा वाजवायला सांगावे. येथे वादक हटकून हळू वाजवतो आणि कार्यक्रमात दुप्पट जोराने, तेव्हा त्याला दटावून जोराने वाजवायला लावावे. खालची पट्टी शून्याच्या खुणेवर ठेवून गेन हळूहळू वाढवावा. लाल दिवा लुकलुकू लागला की थोडा मागे घ्यावा. उरलेले काम पट्टीने.

एक शंका मात्र वेगळी काढली पाहिजे. पुष्कळदा आवाज प्रेक्षकांत नीट असतो आणि वादकालाच ऐकू येत नसतो, कारण त्याच्यासमोरच्या कर्ण्यात त्याचा आवाज सोडलेलाच नसतो. मग तो पट्ट्या बडवतो, बटण वर नेतो, आणि बाहेर बसलेल्यांचे कान फुटतात. तेव्हा तक्रार ऐकताच आधी मैदानाच्या मध्यावर जाऊन उभे राहावे आणि मग बोलावे.

'आणखी दोन कर्णे लावा' हा सल्ला देणारे थोर लोक प्रत्येक मंडळात असतात. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर वाढ होते तीन डेसिबलची, जेमतेम जाणवण्याइतकी. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. भाडे मात्र पहिल्याच कर्ण्यापासून वाढते. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा बंद. सरकार वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरती सूट देते तेवढीच. एक खटका वर करायचा सोडून सगळा मांडव गर्जवला तर पोलीस येतात ते मंडळाच्या अध्यक्षाकडे नव्हे, माईकवाल्याचे सामान उचलायला.

यासाठी आमच्या ओळखीच्या वादकांना आम्ही सुपारी घेतानाच कागदावर तीन गोष्टी लिहून घ्यायला लावतो : फाटे असलेली वायर कोण आणणार, डबी कुणाची, आणि कार्यक्रमाआधी आवाज लावून पाहायला अर्धा तास मिळणार की नाही. पहिल्या दोन गोष्टींना संयोजक लगेच हो म्हणतात. अर्ध्या तासासाठी मात्र अजून भांडावे लागते, कारण तेवढ्या वेळात त्यांचे सत्कार आटपायचे असतात.