तापणारा तारा थंड ढगातच का जन्मतो?

पीएचडीच्या एका मुलाखतीत मला विचारलं होतं, "तारा कसा तयार होतो?" मी फळ्यावर जीन्स वस्तुमानाचं सूत्र धडाधड लिहिलं. पुढचा प्रश्न आला: "वायू दाबला की तापतो, तापला की दाब वाढतो. मग ढगाचं आकुंचन थांबत का नाही?" मी गप्प. सूत्र पाठ होतं, त्यामागचं भौतिकशास्त्र नव्हतं. तिथं निवड झाली नाही. तुमची तशी फजिती होऊ नये म्हणून हा लेख.

आधी ढग समजून घेऊ. ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायू आणि धुळीचे प्रचंड रेणूमेघ असतात. त्यातल्या सर्वात घट्ट गाठींना 'डेन्स कोअर', म्हणजे दाट गाभे म्हणतात. आकार साधारण ०.१ पार्सेक, तापमान १० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस. एका घन सेंटीमीटरमध्ये दहा हजार ते एक लाख हायड्रोजन रेणू. 'दाट' हा शब्द तसा फसवाच आहे. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत सुमारे २.५ × १०^१९ रेणू असतात! भुजंगधारी तारकासमूहातला 'बर्नार्ड ६८' हा असाच एक गाभा. सूर्याच्या साधारण दुप्पट वस्तुमानाचा हा काळा डाग मागचे तारे पार झाकून टाकतो.

आता मुलाखतीतला प्रश्न. आमच्या साक्रीत हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की पहाटे हुडहुडी भरते, आणि ढग आले की रात्र उबदार राहते. कारण जमिनीची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर पडते. आभाळ मोकळं असेल तर ती निसटते, ढग असतील तर अडकते. गाभ्याचंही तसंच. आकुंचनातून निघणारी उष्णता धूलिकण आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू किरणांवाटे बाहेर टाकतात. गाभा त्या किरणांना पारदर्शक आहे तोवर तापमान १० केल्विनच्या जवळच राहतं.

हे सूत्रात बघा. जीन्स वस्तुमान म्हणजे स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळायला लागणारं किमान वस्तुमान. ते तापमानाच्या ३/२ घाताच्या सम प्रमाणात आणि घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं. तापमान स्थिर असेल तर घनता वाढली की ही मर्यादा खाली येते, म्हणजे कोसळणं आणखी सोपं होतं. उष्णता आतच अडकली तर? एकाणू वायूसारखं धरलं तर तापमान घनतेच्या २/३ घाताने वाढतं. सूत्रात घाला: मर्यादा आता घनतेबरोबर वाढते. आकुंचन स्वतःच स्वतःला अडवतं. मला एवढंच सांगायचं होतं!

पुढे घनता घन सेंटीमीटरला १०^१० ते १०^११ रेणूंपर्यंत गेली की गाभ्याचं 'आभाळ भरून येतं'. उष्णता अडकते, मध्यभाग तापतो आणि कोसळणं काही काळ थांबतं. सुमारे २००० केल्विनला हायड्रोजन रेणू तुटू लागतात. त्यात ऊर्जा खर्च होते, दाब पुरा पडत नाही आणि मध्यभाग दुसऱ्यांदा कोसळतो. तिथे प्रोटोस्टार तयार होतो. गाभा मुळात थोडा फिरत असल्याने भोवती चकती बनते. पुढे तिच्यातूनच ग्रह घडू शकतात. केंद्र सुमारे एक कोटी केल्विनला पोचलं की हायड्रोजनचं संमीलन सुरू होतं.

हे सगळं पाहायचं कसं? थंड हायड्रोजन रेणू जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर आणि अमोनियाच्या १.३ सेंटीमीटर तरंगलांबीच्या रेषा वापरतात. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, पण ती २० सेंटीमीटरपेक्षा लांब लहरींवर काम करते. त्यामुळे थंड गाभा तिच्या आवाक्याबाहेर. मात्र जन्मलेल्या जड ताऱ्यांनी आयनित केलेला वायू ती छान टिपते. गाभ्याभोवतीच्या धुळीसाठी मुंबईच्या टीआयएफआरने हैदराबादहून बलूनमधून एक मीटरची दूर-अवरक्त दुर्बीण उडवली. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना 'कुठली दुर्बीण?' याआधी 'कुठली तरंगलांबी?' हे विचारा.

शेवटी एक गृहपाठ. आकाशगंगेत सूर्याच्या सुमारे एक अब्जपट रेणूवायू आहे. घनता १०० धरून मुक्तपतनाचा काळ काढा, काही दशलक्ष वर्षं येईल. म्हणजे दरवर्षी काही शे सूर्यांइतके तारे जन्मायला हवेत. प्रत्यक्षात जन्मतात एक-दोन सूर्यांइतकेच. बाकीच्या वायूला कोण रोखून धरतं? खळबळ, चुंबकीय क्षेत्र, की नव्या ताऱ्यांचे झोत? यांचा वाटा किती यावर अजून वाद आहे. तुमच्या पीएचडीचा विषय कदाचित इथेच सापडेल.