लिंकननं हेडमास्तरांना खरंच पत्र लिहिलं होतं का?

ज्यांचे इअरफोन हरवलेत किंवा बसच्या गोंगाटात काही ऐकू येत नाहीये, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर.

परवा उस्मानपुऱ्यात आमच्या घरी एक पेच उभा राहिला. माझी भाची सातवीत आहे. शिक्षक दिनाला तिला शाळेत ‘लिंकनचं हेडमास्तरांना पत्र’ म्हणून दाखवायचंय. हे पत्र तुम्हाला माहीत नाही, असं होणारच नाही. कुणाच्या शाळेच्या ऑफिसात ते फ्रेममध्ये होतं, कुणी ते स्पर्धेसाठी पाठ केलं, आणि उरलेल्यांना दर ५ सप्टेंबरला व्हॉट्सॲपवर येतंच. आमच्याकडे तर ते बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे. माझे बाबा निवृत्त मुख्याध्यापक. ती फ्रेम त्यांना निरोप समारंभात मिळालेली.

भाचीनं विचारलं, “आत्या, हे पत्र कोणत्या साली लिहिलंय? आणि कोणत्या मुलासाठी? मला सुरुवातीला सांगायचंय.”

म्हटलं, थांब, दोन मिनिटांत मोबाइलवर बघून सांगते. दोन तास गेले. उत्तर मिळालंच नाही, कारण ते पत्र लिंकनचं असल्याचा पुरावाच नाही.

हे कसं कळतं? लिंकनची पत्रं, भाषणं, टिपणं यांचा मोठा संच १९५३ साली आठ खंडांत निघाला. मिशिगन विद्यापीठानं तो इंटरनेटवर ठेवलाय, कुणीही त्यात शोधू शकतं. हेडमास्तरांचं पत्र त्यात नाही. लिंकनच्या हस्ताक्षरातला मूळ कागदही समोर आलेला नाही. पत्रावर तारीख नाही, मास्तरांचं नाव नाही, मुलाचं नाव नाही. मराठीत ते आणलं कवी वसंत बापट यांनी. म्हणजे आपल्याला जी भाषा आवडते, जी लय पाठ होते, ती बापटांची आहे!

थोर माणसांच्या बाबतीत असं फार होतं. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची चेरीच्या झाडाची गोष्ट आठवते ना? लहानपणी झाड तोडलं आणि वडिलांसमोर खरं बोलले, ती. वॉशिंग्टन वारले १७९९ मध्ये. ही गोष्ट १८०६ साली वीम्स नावाच्या चरित्रकाराच्या पुस्तकात आली आणि जगभर पसरली. पुरावा काही नाही. खरं बोलायला शिकवणारी गोष्टच रचलेली! आणि खरी, अवघड गोष्ट मागे राहिली: त्यांच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर १७९९ मध्ये ३१७ गुलाम होते. त्यांपैकी त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं. मुलांना हे दोन्ही सांगायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचे अध्यक्ष आपल्या पोरांना कशाला? तर महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त करायला झीज सोसली, त्यांना अर्पण केलं. हा इतिहास आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच पोचलाय.

बरं, मग भाचीनं काय म्हणायचं? मी खरी पत्रं शोधली, आणि ती जास्त भारी निघाली.

पहिलं ऑक्टोबर १८६० चं. ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं लिंकनना लिहिलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा, लोक मतं देतील. लिंकननी उत्तर पाठवलं. आत्ताच दाढी ठेवली तर लोकांना ते सोंग नाही का वाटणार, असं तिलाच विचारलं. मग निवडून आले, दाढी वाढवली, आणि १८६१ च्या फेब्रुवारीत तिच्या गावी रेल्वे थांबली तेव्हा तिला भेटलेसुद्धा.

दुसरं त्याच वर्षीच्या २२ जुलैचं. लिंकनचा मोठा मुलगा रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत १६ पैकी १५ विषयांत नापास झाला होता. वर्षभर तयारी करून पुढच्या वर्षी तो पास झाला, पण त्याचा मित्र जॉर्ज लॅथम राहिला. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे होते. तरी वेळ काढून त्यांनी या पोराला लिहिलं: ऐकून फार वाईट वाटलं, पण तू खचला नाहीस तर यात एवढं काही नाही, सुरुवात केलीयस ना, मग आता हे पार पाडच. हे लिहिणाऱ्याची स्वतःची शाळा सगळी मिळून वर्षभरसुद्धा झाली नव्हती. नीटचा निकाल लागल्यावर आपल्याकडे किती घरांत असं पत्र हवं असतं, सांगा.

बाबांना सांगायला मात्र जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. ते बराच वेळ फ्रेमकडे बघत बसले. मग म्हणाले, “म्हणजे मी तीस वर्षं पोरांना खोटं शिकवलं?”

माझ्याआधी भाचीच बोलली. “नाही आजोबा. त्यातलं शिकवलेलं खरंच आहे. फक्त खालची सही चुकली.”

फ्रेम भिंतीवरच आहे. भाची आता सुरुवातीला सांगणार आहे: लिंकनच्या नावानं प्रसिद्ध असलेलं, पण त्यांचं असल्याचा पुरावा नसलेलं, वसंत बापटांनी मराठीत आणलेलं हे पत्र. आणि त्यानंतर लॅथमच्या पत्राची गोष्ट. ती आजोबांनीच तिच्याकडून बसवून घेतली.

तर मंडळी, पुढच्या वेळी थोरामोठ्यांच्या नावानं काही फॉरवर्ड आलं की तीनच प्रश्न विचारा: कधी लिहिलं, कुणाला लिहिलं, आणि मूळ कागद कुठे आहे? पोरं हे प्रश्न विचारत असतील तर त्यांना गप्प करू नका. तुमच्या शाळेच्या भिंतीवर काय लावलेलं होतं, ते व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात!